हौदातल्या गप्पींचा सांगाडा

उमरीत प्राणिशास्त्र शिकवायचं तर समुद्र लांब, मोठं संग्रहालय लांब. पण हौद घरोघरी. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून हौद, हौदात डासांच्या अळ्या होतात म्हणून त्यात आरोग्य खात्यानं सोडलेले गप्पी मासे. हिवताप आणि डेंग्यूसाठी आलेला हा मासा मला मात्र वर्षानुवर्षं वेगळ्याच कामाला आला. नर आणि मादी यांची हाडं वेगवेगळी कशी होतात, हे डोळ्यांनी पाहता येईल असा इतका सोपा प्राणी मला दुसरा मिळालेला नाही. 'नर का मादी ते जन्मतःच ठरलेलं असतं', एवढं म्हणून मुलं मोकळी होतात. ठरत असेलही, पण सांगाडा तेव्हा घडलेला नसतो. तो नंतर घडतो, टप्प्याटप्प्यानं, आणि घडताना बघता येतो. हे शिकवता शिकवता जे हाती लागलं ते इथं मांडते आहे.

१. रंगावर जाऊ नका, पोटाखालचा पर बघा

हौदाच्या काठावर उभं राहिलं की सगळे सांगतात: रंगीत तो नर, मळकट ती मादी. पूर्ण वाढलेल्या माशांत हे जमतं. अर्धवट वाढलेल्यांत रंग फसवतो, आणि गढूळ पाण्यात तर काहीच कळत नाही. गुदद्वाराच्या लगेच मागे, पोटाखाली एक पर असतो. पुस्तकात त्याला गुदपर म्हणतात. मादीत तो पसरट, तिकोनी. नरात तो अरुंद होऊन एका बारीक काडीएवढा उरतो आणि मागच्या बाजूला अंगालगत पडलेला असतो. ही काडी म्हणजे नराचं जननेंद्रिय, गोनोपोडियम. ते वेगळा अवयव म्हणून उगवत नाही. पराच्या हाडांचंच ते रूपांतर आहे.

काचेच्या बरणीत मासा घेऊन बरणी उजेडाकडे धरली की भिंगाशिवायही हा फरक दिसतो. आमच्या भागातल्या आरोग्य सेवकांना आणि आशाताईंना मी हेच दाखवते, कारण त्यांना त्याचा रोजचा उपयोग आहे. एखाद्या हौदात नुसते नर पडले तर ते काही महिने अळ्या खातील आणि संपतील. मादी हवीच, आणि शक्यतो फुगलेल्या पोटाची, गुदपराच्या वर मोठा काळपट डाग असलेली. गप्पी अंडी घालत नाही; पिल्लांनाच जन्म देते, साधारण महिन्याला एकदा. एकदा मिळालेलं नराचं बीज ती महिनोन्महिने पोटात जपून ठेवू शकते, त्यामुळे एकटी मादीसुद्धा हौद भरून टाकते. अंगानं ती नरापेक्षा बरीच मोठी, म्हणून अळ्याही जास्त फस्त करते.

२. नवजात पिल्लाच्या हाडांत नर-मादी शोधू नका, तिथं ते नसतात

"मॅडम, एवढुशा माशाला हाडं असतेत का?" असं एका आरोग्य सेवकानं विचारलं होतं. असतात, आणि ती बघायची एक जुनी, देखणी पद्धत आहे. आम्ही ती फक्त मेलेल्या माशांवर करतो. उन्हाळ्यात हौद तळाला जातात, धुतले जातात, तेव्हा असे मासे आपोआप मिळतात. मुलांना ते आणून द्यायची सवय झाली आहे.

मासा फॉर्मॅलिनमध्ये टिकवायचा, मग पाण्यात चांगला धुवायचा. अंगाचा रंग हायड्रोजन पेरॉक्साइडनं उडवायचा. नंतर बोरॅक्सच्या द्रावणात ट्रिप्सिन घालून त्यात मासा ठेवायचा. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं विकर. ते मांस हळूहळू इतकं निवळवतं की आरपार दिसायला लागतं. अल्शियन ब्लू कूर्चेला निळा रंग देतो, आणि अलिझरिन रेड जिथं कॅल्शियम साठलंय त्या हाडाला लाल करतो. शेवटी मासा ग्लिसरीनमध्ये जातो. तिथं मांस जवळजवळ अदृश्य होतं, आणि बोटाच्या पेराएवढ्या बाटलीत एक लाल-निळा सांगाडा तरंगत राहतो: मणके, बरगड्या, जबडा, आणि प्रत्येक पराची प्रत्येक काडी.

वेगवेगळ्या वयाची पिल्लं अशी रंगवून ओळीनं मांडली की धडा आपोआप सुरू होतो. नुकतंच जन्मलेलं पिल्लू सात-आठ मिलिमीटरचं. त्याचा गुदपर बघितला तर सगळ्यांचा सारखाच: बारीक काड्या, प्रत्येक काडी हाडाच्या छोट्या छोट्या पेरांची. कोणाचा नर होणार, कोणाची मादी, हे सांगाडा सांगत नाही. काही आठवड्यांची पिल्लं घेतली की काहींच्या परात तिसरी काडी शेजारणींपेक्षा जाड दिसायला लागते. मग ती लांब होते. चौथी आणि पाचवीही तिच्या मागोमाग निघतात. टोकाशी नवी पेरं जोडली जातात. बाकीच्या काड्या होत्या तिथंच राहतात, म्हणून पर एका बाजूनं लांबत जातो आणि पसरटपणा हरवतो. सगळ्यात शेवटी टोकाला बारीक आकडे आणि करवतीसारखे दाते येतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दाते लालभडक दिसतात. म्हणजे तेही हाडच. मादीच्या परात यातलं काही घडत नाही. ती फक्त मोठी होत जाते, पराचा आकार तोच.

मुलांना मी इथं पुष्कळ वेळ देते. तिसरी काडी कुठून मोजायची हे त्यांचं त्यांना शोधू देते. पहिल्या दोन काड्या आखूड असतात आणि सहज नजरेतून सुटतात.

३. लहान माशाची हाडं आम्लापासून जपा

ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी एवढंच. अल्शियन ब्लूचं पारंपरिक द्रावण ॲसेटिक आम्लात करतात. मोठ्या माशाला ते चालतं. पिल्लाच्या हाडात कॅल्शियम मुळातच थोडं असतं, ते आम्लात विरघळून जातं, आणि मग अलिझरिनला धरायला काही उरत नाही. काडी होती की नव्हती असा प्रश्न पडतो. वॉकर आणि किमेल या संशोधकांनी २००७ मध्ये आम्लाशिवायची कृती दिली. तिच्यात मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. पिल्लांसाठी तीच वापरावी.

४. हुकूम वृषणातून निघतो, पण ऐकणारं हाड वेगळं असतं

नवजात पिल्लांची हाडं सारखी असतात, तर फरक आणतं कोण? याचं उत्तर गप्पीच्या जवळच्या नातेवाईकातून, गम्बुसिया माशातून मिळालं. हाही डासअळ्या खाणारा, भारतात १९२८ मध्ये आणलेला. अमेरिकेत सी. एल. टर्नर यांनी १९४० च्या सुमारास त्याच्या गुदपराची वाढ पायरीपायरीनं नोंदवली. माद्यांना नर-संप्रेरकाच्या जातीची रसायनं दिली तर त्यांच्या परातही तिसरी-चौथी-पाचवी काडी लांबायला लागते आणि गोनोपोडियम तयार होतं, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे मादीच्या हाडातही ती क्षमता असते. फक्त तिला हाक मारणारं संप्रेरक तिथं नसतं.

मुलं लगेच विचारतात, संप्रेरक तर रक्तातून सगळ्या अंगात फिरतं, मग तिसरी काडीच का वाढते, पाठीवरचा पर का नाही? या प्रश्नाची मी दरवर्षी वाट बघते. आमच्या शिवारातली पोरं पाटाच्या पाण्याची पाळी जाणतात. पाणी एकाच पाटातून सगळ्यांच्या बांधावरून जातं, पण भिजतं तेच वावर ज्याचं बारं उघडलेलं आहे. पेशीत संप्रेरकाला धरणारा ग्राही असेल तर संप्रेरकाचा परिणाम होतो. नसेल तर ते बाजूनं वाहून जातं. नराच्या गुदपरातल्या त्या तीन काड्यांच्या टोकाशी असलेल्या पेशी संप्रेरकाला जोरदार दाद देतात. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी गम्बुसियात दाखवलं की संप्रेरक आल्यावर तिथं 'सॉनिक हेजहॉग' हे जनुक कामाला लागतं. या जनुकाचं नाव चमत्कारिक असलं तरी कामगिरी मोठी आहे: कोंबडीच्या पिल्लाच्या पंखात आणि आपल्या हातापायांची बोटं घडवण्यातही तेच असतं. निसर्गानं नरासाठी नवं हत्यार शोधलं नाही. अवयव घडवण्याचं जुनंच हत्यार, ठरावीक जागी, ठरावीक वेळी पुन्हा उचललं.

मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. नराचा सांगाडा आणि मादीचा सांगाडा असे दोन वेगळे आराखडे नसतात. आराखडा एकच, त्यातल्या काही जागा संप्रेरकाचं ऐकतात आणि बाकीच्या ऐकत नाहीत.

५. पर बघून थांबू नका, कण्यापर्यंत जा

पर बाहेरून दिसतो म्हणून सगळे तिथंच थांबतात. रंगवलेला मासा कुशीवर ठेवून आत बघितलं तर जास्त नवलाची गोष्ट दिसते. परातल्या काड्या आत शरीरात हाडांच्या आधारांवर बसलेल्या असतात. नरात या आधारांपैकी काही जाड होतात, एकमेकांना जुळतात आणि वर कण्याच्या दिशेनं उठतात. कण्याच्या काही मणक्यांखाली जे काटे असतात तेही नरात लांब होऊन पुढे झुकतात. मधल्या जागेत अस्थिबंध आणि मजबूत स्नायू येतात. परिणाम असा की एरवी मागे वळलेलं गोनोपोडियम नर झटक्यात पुढे फिरवू शकतो. नुसती काडी लांब झाली असती तर ती निरुपयोगी होती. तिला हलवणारं अख्खं यंत्र कण्यापर्यंत बदलावं लागतं. मादीत याच जागी काटे आखूड राहतात आणि पोटातल्या पिल्लांना जागा मिळते.

हे सगळं एकाच हाकेवर, पण वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांशी मेळ राखून घडतं. पोर्तो रिकोत एदुआर्दो रोझा-मोलिनार यांनी गम्बुसियाच्या या आतल्या हाडांवर बरंच काम केलं आहे. वाढीच्या काळात पर आणि त्याचा आधार पुढच्या दिशेला सरकतो हेही त्यांच्या कामात आलं आहे. हाड म्हणजे एकदा बसवलं की हलत नाही अशी जी आपली समजूत, ती इथं मोडते.

६. नर लहान का, हा वेळेचा प्रश्न आहे

नर तीनेक सेंटिमीटरवर थांबतो, मादी सहापर्यंत जाते. मुलं म्हणतात, नर कमी खात असेल. तसं नाही. गोनोपोडियम पूर्ण झालं की नराची वाढ जवळजवळ थांबते; मादी पिल्लं देत देत वाढतच राहते. एकच संप्रेरक एका ठिकाणी हाड लांबवतं आणि त्याच सुमारास सगळ्या अंगाची वाढ आवरती घेतं. म्हणून उशिरा वयात येणारा नर मोठा असतो, लवकर वयात येणारा छोटा. नर-मादीच्या सांगाड्यातला सगळ्यात ठळक फरक, म्हणजे आकार, त्यामागे हाडांची वेगळी जात नाही. वाढ कधी थांबली एवढाच प्रश्न आहे.

७. परदेशी मासा दाखवताना डॉ. कुलकर्णींचा मासा सांगायला विसरू नका

गप्पी दक्षिण अमेरिकेचा, गम्बुसिया उत्तर अमेरिकेचा. पण हाडांतल्या लिंगभेदाचा सगळ्यात विलक्षण मासा आपल्या किनाऱ्यावरचा आहे आणि त्याचा शोध एका मराठी माणसानं लावला, हे आमच्या मुलांना कोणी सांगत नाही. मी सांगते, आणि जरा आवाज चढवून सांगते.

डॉ. सी. व्ही. कुलकर्णी मुंबई इलाख्याच्या मत्स्य खात्यात होते. पुढे महाराष्ट्राच्या मत्स्य खात्याची धुराही त्यांनी सांभाळली, आणि लोणावळ्याला महसीर माशाच्या कृत्रिम प्रजननाच्या कामातही त्यांचा हात होता. १९४० मध्ये 'रेकॉर्ड्स ऑफ दि इंडियन म्युझियम'मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या एका इवल्याशा माशाचं वर्णन केलं. खाडीच्या मचूळ पाण्यातला, दोन-तीन सेंटिमीटरचा, जवळजवळ पारदर्शक. नाव दिलं होराइक्थिस सेटनाई. थोर मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि मुंबईच्या मत्स्य खात्याचे डॉ. सेटना यांच्या सन्मानार्थ. मासा इतका वेगळा वाटला की कुलकर्णींनी त्याच्यासाठी नवं कुलच मांडलं. कच्छपासून थेट तिरुवनंतपुरमपर्यंतच्या किनाऱ्यावर तो सापडतो.

यातल्या नरातही गुदपराच्या पुढच्या काड्या वेगळ्या होऊन गोनोपोडियम बनतं. त्यातून नर बीजाची एक काटेरी कुपी सोडतो आणि ती मादीच्या अंगाला रुतून बसते. मादी पुढे फलित अंडी घालते. पण खरी गोष्ट मादीच्या सांगाड्यात आहे. पोटाखाली माशाला डावा-उजवा असा परांचा एक जोड असतो. होराइक्थिसच्या मादीत त्यातला उजवा पर नसतोच. फक्त डावा. नरात दोन्ही. म्हणजे या माशात लिंगभेद असा की मादीच्या अंगाची एक बाजू दुसरीसारखी राहिलेलीच नाही, आणि जो पर नाही तिथं नराच्या कुपीला जागा झाली आहे.

यावर मी मुलांना बराच वेळ विचार करायला लावते. गप्पीत फरक पडला तो नरात हाड वाढून. इथं एक फरक पडला तो मादीत हाड नसल्यानं. लिंगभेद म्हणजे नेहमी नराला काहीतरी जास्तीचं मिळणं, ही समजूत इथं टिकत नाही.

पुढे २००८ मध्ये लिन पॅरेंटी यांनी या माशाची गणना ओरायझियास या गटात केली, म्हणजे भातखाचरांतल्या छोट्या माशांच्या, जपानी मेडाकाच्या भावकीत. गप्पीच्या भावकीशी तिचा जवळचा संबंध नाही. तरीही दोन वेगळ्या घराण्यांनी गुदपराच्या काड्यांचंच जननेंद्रिय बनवलं. मेडाकात गोनोपोडियम नाही, पण नराच्या गुदपराच्या मागच्या काड्यांवर हाडाचे बारीक उंचवटे असतात, आणि मादीला नर-संप्रेरक दिलं तर तिच्याही काड्यांवर ते येतात. कुलकर्णींचा मासा आज कुठल्या खाड्यांत किती आहे, हे बघायला आपल्या किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी मुलांना जाळी घेऊन पाठवायला हवं. मचूळ पाण्याच्या या जागा भरावांखाली चालल्या आहेत, आणि हा मासा इतका छोटा की तो गेला तरी बाजारात कोणाला कळणार नाही.

८. पाण्यात काय मिसळलंय ते मादीचा पर सांगतो

संप्रेरक आतून येतं तेव्हा नर घडतो. तसंच काही बाहेरून, पाण्यातून आलं तर? फ्लोरिडात कागदाच्या लगद्याच्या गिरणीचं सांडपाणी जिथं ओढ्यात मिसळत होतं, तिथल्या गम्बुसियाच्या माद्यांमध्ये नरासारखे लांब गुदपर आढळले. हॉवेल, ब्लॅक आणि बोर्टोन यांनी १९८० मध्ये ते प्रसिद्ध केलं. पाण्याची रासायनिक तपासणी त्या दिवसाचं पाणी सांगते. हाड मात्र गेल्या कित्येक आठवड्यांचं सांगतं, कारण वाढलेलं पेर परत मागे जात नाही. मेडाकाच्या परावरचे ते उंचवटेही आता रसायनांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत मोजले जातात.

गोदावरी आमच्या तालुक्याच्या कडेनं जाते, बळेगावच्या बंधाऱ्यात तिचं पाणी अडतं. वरच्या अंगाला किती गावं, किती कारखाने, किती शेतांची औषधं तिच्यात उतरतात याचा विचार केला की मला वाटतं, प्रत्येक तालुक्याच्या विज्ञान शाखेला भिंग आणि अलिझरिनची एक बाटली असावीच. नदीकाठच्या डबक्यांत गप्पी आधीच पोचलेले आहेत. त्यांच्या माद्यांचे पर दरवर्षी बघणं आणि वहीत लिहून ठेवणं, एवढं आपण करू शकतो. महागडी यंत्रं येतील तेव्हा येतील.

९. घडलेलं कायमचंच असतं असंही नाही

अटलांटिक सामन माशाचा नर समुद्रातून नदीत चढायला लागला की त्याच्या खालच्या जबड्याच्या टोकाला वर वळलेला आकडा येतो. ते हाड फार घाईनं तयार होतं, आणि ते सुद्धा उपाशीपोटी, कारण नदीत चढताना तो खात नाही. अंगातल्या इतर साठ्यांतून माल काढून हा आकडा बांधला जातो. जो नर जगून समुद्रात परततो त्याच्या आकड्याचं हाड काही प्रमाणात पुन्हा विरघळतं.

आपल्या रायगडच्या जिताड्याची गोष्ट आणखी पुढची. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून बाजारात जो भला मोठा जिताडा येतो ती बहुधा मादी असते. आमच्याकडच्या तळ्यांतल्या चिलापीत उलट, नर जोमानं वाढतो. त्यामुळे मत्स्यपालक पिल्लांना तीन-चार आठवडे नर-संप्रेरक मिसळलेलं खाद्य देऊन सगळी नर करून घेतात. मासा मोठा दिसला की नर, असा नियम एका तळ्यात खरा आणि दुसऱ्यात खोटा.

१०. माणसाकडे शेवटी या, पण या जरूर

वर्गात हे शिकवताना मुलामुलींच्या मनात स्वतःचं शरीर असतंच. तो विषय टाळू नये. आपली कंबरेची हाडंही लहानपणी मुलगा-मुलगीत बरीच सारखी असतात. झ्युरिकच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की मुलीची श्रोणी वयात येताना वेगळी वाट धरते, मूल होण्याच्या वयात रुंद राहते, आणि चाळिशीनंतर पुन्हा थोडी नराच्या वळणाकडे जाते. इस्ट्रोजेनला आपण स्त्रीचं संप्रेरक म्हणतो, पण पुरुषाची उंची थांबवतं तेही तेच. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या तरुणाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याच्या पेशींत इस्ट्रोजेनचा ग्राही काम करत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि हाडांच्या वाढीची टोकं अजून मिटली नव्हती.

हे ऐकल्यावर मुली जास्त प्रश्न विचारतात, आणि ते चांगले असतात. 'मग बायकांची हाडं कमी प्रतीची नसतात ना?' असं एकीनं विचारलं होतं. नसतात. तेच हाड, वेगळ्या वेळी वेगळा निरोप मिळालेलं.

११. हौदातला गप्पी हौदातच राहू द्या

गप्पीवर एवढा जीव असूनही हे सांगायला हवं. गम्बुसियाचं नाव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे, आणि गप्पीही पाणी मिळेल तिथं पसरतो. ओढ्यात, तळ्यात, नदीत तो गेला की आपल्या छोट्या देशी माशांची अंडी आणि पिल्लं त्याच्या तोंडाशी येतात. हौद, टाकी, न वापरलेली विहीर, बंद डबकं यांपुरता तो ठीक. हौद पाडायचा असेल तर मासे ओढ्याला सोडू नका, शेजारच्या हौदाला द्या किंवा आमच्या प्रयोगशाळेत आणून द्या. आमच्या बरण्यांना जागा आहे.

आता मुलांनी एक काम हाती घेतलं आहे. थंडीत पिल्लांची वाढ रेंगाळते आणि उन्हाळ्यात भरभर होते. तर तिसरी काडी जाड व्हायला लागते ती पिल्लाचं वय बघून की अंगाची लांबी बघून? मार्गशीर्षात जन्मलेली आणि चैत्रात जन्मलेली पिल्लं वेगळी ठेवून, मरतील ती रंगवून, त्यांचे गुदपर शेजारी शेजारी मांडायचे आहेत. थंडीतल्या बाटल्या फळीवर लागल्या आहेत, चैत्रातल्या लागायच्या आहेत.